चारच्या आतला आकडा

आमच्या गोदीत त्याला सगळे बगळा म्हणायचे. अंगाने काटकुळा, मान लांब. क्रेनच्या केबिनमध्ये बसून पायाखालच्या काचेतून खाली बघताना ती मान अशी वाकवायचा, की पाण्यातला मासाच हेरतोय असं वाटावं. मी त्याचा इशारेवाला. तो चाळीस मीटर वर, मी खाली धक्क्यावर नाहीतर जहाजाच्या डेकवर, कानाशी वॉकीटॉकी. "उचल." "थांब." "हातभर डावीकडे." "सोड." सव्वीस वर्षं आमचं हेच बोलणं चाललं. घरच्यांशी बोललो नसू एवढं एकमेकांशी बोललो, आणि त्यातलं निम्मं कंटेनरबद्दल.

त्रेपन्नावं लागलं आणि त्याचं दुखणं सुरू झालं.

"शिट्टी, खाली येतोय," असा आवाज यायचा. मला शिट्टी म्हणतात, कारण वॉकीटॉकी यायच्या आधी मी शिट्टीवर इशारे करायचो. "आत्ताच तर आला होतास," असं मी म्हणायचो आणि तो उतरायला लागायचा. उतरायचं म्हणजे एकशे अठ्ठावीस पायऱ्या. लिफ्ट होती, पण ती चालू असण्यापेक्षा बंदच जास्त. एका पाळीत चारचार वेळा त्याचं हे वर-खाली चालायचं. शेवटी तो केबिनमध्ये बाटली घेऊन जायला लागला. पण बाटली असून काय उपयोग, धार सुटेल तर ना! पकड रिकामी लोंबतेय, ट्रकांची रांग लागलीय आणि हा वर पाठमोरा उभा. मुकादम खालून ओरडायचा, "काय रे शिट्टी, तुझ्या बगळ्याचं तळं आटलं का?" सगळे हसायचे. मीही हसायचो.

घरी त्याची बायको मागे लागली होती. मी त्यांना वहिनी म्हणतो. शाळांचे गणवेश शिवायचं त्यांचं काम, मशीन दाराशीच मांडलेलं. एक दिवस त्यांनी मलाच गाठलं. "भावजी, माझ्याबरोबर यायला यांना लाज वाटते. तुम्ही तरी घेऊन जा. रात्रीतून पाच-सहा वेळा उठतात हो. दिवसा वर बसून डुलकी लागली तर काय करायचं?"

म्हणून मी गेलो. दवाखान्याच्या दारावर नुसतं आडनाव आणि पदव्या. आत जाऊन बघतो तर डॉक्टर बाई निघाल्या. बगळ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मला कोपराने ढोसून म्हणाला, "चल, परत जाऊ." मी त्याला खुर्चीत दाबून बसवला.

बाई वयस्कर, आवाज मऊ, पण प्रश्न सरळ. तपासण्या झाल्या, पोटाची सोनोग्राफी झाली, रक्त झालं. आठवड्याने परत बोलावून त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. "ही प्रोस्टेट ग्रंथी. अक्रोडाएवढी असते, तुमची चांगली मोठ्या लिंबाएवढी झालीय आणि लघवीच्या नळीला दाबतेय. वयानुसार होतं. रक्तातला पीएसए, म्हणजे या ग्रंथीचा आकडा, तीन पूर्णांक सहा आहे, चारच्या आत, हाताला काही कठीण लागत नाही, म्हणजे आज तरी कॅन्सरचा संशय नाही."

मग त्यांनी औषध लिहिलं. एकच कॅप्सूल, पण आत दोन औषधं.

"एक औषध नळीभोवतीचे स्नायू सैल करतं, त्याचा गुण थोड्याच दिवसांत दिसेल. दुसरं ग्रंथीच हळूहळू लहान करतं, त्याला सहा महिने तरी द्या. रोज एकाच जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्यायची. अख्खी गिळायची, चावायची नाही, फोडायची नाही. घरात कुणी गरोदर असेल तर तिने फुटलेल्या कॅप्सूलला हात लावायचा नाही, त्वचेतून औषध आत जातं आणि पोटातल्या बाळाला धोका होतो. सर्दीची गोळी मनाने घ्यायची नाही, लघवी अडेल. रक्तदान करायचं नाही. डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगायचं. आणि सुरुवातीला उठताना चक्कर येऊ शकते. काम काय करता तुम्ही?"

बगळ्याने माझ्याकडे बघितलं. "गोदीत आहे."

"गोदीत काय?"

"टेबलावरचं काम. कागदपत्रं."

मी समोरच्या भिंतीवरचं चित्र बघत बसलो.

त्यांनी मान हलवली आणि पुढचं सांगितलं. ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. "हे सगळ्यांत महत्त्वाचं. हे औषध पीएसएचा आकडा खाली आणतं. सहा महिन्यांनी तो साधारण निम्मा होईल. त्यानंतर कुणीही, कुठेही तुमचं रक्त तपासलं तर हे औषध चालू आहे असं सांगायचं. तो आकडा दुप्पट करून वाचायचा असतो. आणि एकदा खाली उतरलेला आकडा पुन्हा वर जायला लागला, अगदी थोडासुद्धा, तर लगेच माझ्याकडे यायचं. न सांगता राहिलात तर आकडा चांगला दिसेल आणि आत काय चाललंय ते कुणाला कळणार नाही."

"हो, हो," बगळा म्हणाला. चपला घालायच्या घाईत होता.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवलंस?"

"पैलवान आठवतो ना तुला?"

आठवत होता. पैलवान आमच्याच धक्क्यावरचा क्रेनवाला. रक्तदाबाची गोळी सुरू झाली तेव्हा त्याने इमानदारीत कंपनीच्या डॉक्टरला सांगितलं. नियमच होता तसा. चक्कर आणणारं कुठलंही औषध घेत असाल तर कळवायचं, मग तपासणी होईपर्यंत खाली. पैलवानाची तपासणी कधी झालीच नाही. गोदामात दोरखंड मोजत तो निवृत्त झाला. जेवणाच्या सुट्टीत क्रेनखाली येऊन वर बघत उभा राहायचा.

"मला खाली जमणार नाही, शिट्ट्या," बगळा म्हणाला. "खालून मला काही दिसतच नाही."

आणि खरं सांगायचं तर मलाही तो वरच हवा होता. क्रेनवाला बदलला की इशारेवालाही बदलतो. नव्या माणसाशी जुळवून घ्यायचं माझं वय राहिलं नव्हतं. झाकली मूठ झाकलेलीच बरी, असं मी स्वतःला सांगितलं.

पहिल्या आठवड्यात एकदा तो केबिनच्या दारात कठडा धरून मिनिटभर नुसता उभा राहिला. खालून मला तो एका बाजूला झुकताना दिसला. मी वॉकीटॉकीवर म्हणालो, "बस. बस तिथेच." तो बसला. त्या दिवसापासून त्याने कॅप्सूल सकाळऐवजी संध्याकाळच्या जेवणानंतर घ्यायला सुरुवात केली आणि चक्कर गेली. आम्हाला वाटलं, धोका टळला. आम्हाला धोका तेवढाच माहीत होता.

घरात मात्र सगळं अगदी काटेकोर. त्यांची लेक पहिलटकरीण, माहेरी आली होती. वहिनींनी कॅप्सूलचा डबा वरच्या फळीवर ठेवला आणि लेकीला बजावलं, "बाबांच्या औषधाला हात लावायचा नाही." एकदा पाकिटातली एक कॅप्सूल फुटून तिचं तेल टेबलावर सांडलं, तर वहिनींनी लेकीला खोलीबाहेर काढलं, हातमोजे घालून टेबल साबणाने तीनदा पुसलं. हिवाळ्यात बगळ्याला सर्दी झाली, मी खिशातली गोळी पुढे केली, तर म्हणाला, "नको रे, बाईंनी नाही म्हटलंय." असा नियमाचा पक्का. एकच नियम सोडून.

औषध लागू पडलं. दोन आठवड्यांत धार सुधारली, सहा महिन्यांत रात्रीचं उठणं एकावर आलं. बाटली त्याने फेकून दिली. पाळी संपेपर्यंत तो वरच राहायला लागला. मुकादमाचा विनोद संपला. आकडाही बाईंनी सांगितल्याप्रमाणे उतरला, एक पूर्णांक सात. बाई म्हणाल्या, "छान. हा आता तुमचा पाया, पुढचे आकडे याच्याशी ताडून बघायचे. दर सहा महिन्यांनी या."

तो परत गेला नाही. "बाईंशी खोटं बोललोय, पुन्हा विचारतील. आणि कंपनी रक्त काढतेच की दरवर्षी." औषधाच्या दुकानातली बाई नवी चिठ्ठी मागायला लागली, तेव्हा त्याने दुकान बदललं.

बगळ्याने पंचावन्न ओलांडली आणि पंचावन्नच्या पुढच्या सगळ्यांची पीएसए तपासणी कंपनीने त्याच सुमारास सुरू केली. एका फॉर्मवर रकाना होता, चालू औषधं. बगळ्याने लिहिलं, नाही. कंपनीचा डॉक्टर तरुण होता, भला होता. दिवसाला चाळीस माणसं तपासायचा. कागद बघून म्हणाला, "दोन पूर्णांक सहा. चारच्या आत आहे. उत्तम!"

वहिनींनी त्या संध्याकाळी विचारलं, "औषधाचं सांगितलंत ना तिथे?"

"सांगितलं," तो म्हणाला.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्याकडेच चहा प्यायला बसलो होतो. मी म्हणालो, "हो वहिनी, माझ्यासमोरच सांगितलं."

एवढंच. चार शब्द.

पुढच्या वर्षी आकडा आला तीन पूर्णांक सात. डॉक्टर पुन्हा म्हणाला, "चारच्या आत." आम्ही दोघे दवाखान्याच्या पायऱ्या उतरत होतो. माझ्या डोक्यात बाईंचा मऊ आवाज वाजायला लागला. मी थांबलो.

"अरे, तो दुप्पट करायचा ना?"

"कुणी सांगितलं?"

"बाईंनी. तुझ्यासमोर. सातच्या वर जातोय मग. आणि गेल्या वर्षीपेक्षा वाढलाय."

त्यालाही आठवत होतं, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं. मग त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "धार बघ माझी, घोड्यासारखी आहे. आत काही असतं तर ती अडली नसती का? डॉक्टर उत्तम म्हणतोय आणि तू कसली गणितं घालतोस!"

"बाईंकडे जाऊन ये एकदा."

"जाईन. हे मोठं जहाज रिकामं झालं की जातो."

ते जहाज रिकामं झालं. त्याच्यामागून दुसरं लागलं. मी पुन्हा विषय काढला नाही. का नाही काढला, याची मी मनाशी शंभर उत्तरं तयार करून बघितली. त्यातलं खरं एकच. त्याने जाऊ नये असं मलाही थोडं वाटत होतं.

आठ-नऊ महिन्यांनी कंबर दुखायला लागली. क्रेनवाल्यांची कंबर दुखतेच, दिवसभर वाकून बसायचं. त्याने सीटवर उशी घेतली, मग पट्टा घेतला, मग वहिनींकडून तेल चोळून घ्यायला लागला. दुखणं अंगावर काढायची त्याची जुनी सवय. वजन उतरलं तर लोक म्हणाले, बगळा आणखी बगळा झाला. बसताना ओठ आवळायचा, पण मला वॉकीटॉकीवर ओठ कुठे दिसणार? आवाज तोच होता. "सांग, शिट्ट्या. किती राहिलं?" "वीतभर. सोड."

एका दुपारी पाळी संपवून तो उतरत होता. चाळीसेक पायऱ्या राहिल्या होत्या आणि तो थांबला. मी खालून हाक मारली. तो म्हणाला, "पाय ऐकत नाहीयेत." आवाजात भीती नव्हती, नवल होतं. "शिट्ट्या, पाय माझे नाहीतच असं वाटतंय." कठड्याला दोन्ही हातांची मिठी मारून तो बसला. चौघांनी त्याला स्ट्रेचरवर बांधून खाली आणला. त्याच्याच क्रेनने उतरवू म्हणत होते, पण ती चालवणार कोण?

इस्पितळात पाठीचा फोटो काढला, रक्त काढलं. आकडा आला दोनशे अकरा. प्रोस्टेटमधला कॅन्सर हाडांत उतरला होता. पाठीच्या मणक्यात, खुब्यात, बरगड्यांत. मणक्यातली गाठ मज्जारज्जूला दाबत होती, म्हणून पाय गेले.

वहिनींनी डॉक्टर बाईंना बोलावून घेतलं. बाई आल्या, कंपनीचे दोन्ही वर्षांचे कागद समोर ठेवून बघत बसल्या. मग म्हणाल्या, "कंपनीच्या डॉक्टरांना माहीत नव्हतं का, औषध चालू आहे ते?"

"सांगितलं होतं," वहिनी म्हणाल्या. "यांनी सांगितलं होतं. भावजी होते ना तिथे."

बगळा छताकडे बघत होता. मी जमिनीकडे. बाईंना कळलं. वहिनींना कळायला आणखी थोडा वेळ लागला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग नवऱ्याकडे, मग परत माझ्याकडे.

"औषधाचा काही दोष?" मीच विचारलं. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "औषधाने त्याचं काम केलं. आकडा निम्मा करणं हेही त्याचं कामच. सांगितलं असतं तर पहिल्याच वर्षी मी थांबवून तपासलं असतं. तेव्हा सापडलं असतं का, सापडून बरं झालं असतं का, हे आज मला खात्रीने सांगता येणार नाही. पण शोधलं नक्की असतं."

मणक्याला किरणांचा शेक दिला. पायात थोडी ताकद आली, दोन्ही बाजूंना माणूस धरून संडासापर्यंत जाण्याएवढी. मग हार्मोनची इंजेक्शनं. त्यांनी आकडा पडला, पाच-सहा महिने बरे गेले. अंगातून वाफा निघायच्या त्याच्या, बसल्या बसल्या घामाने शर्ट भिजायचा, रडू यायचं. एवढ्या वर्षांत मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. आता टीव्हीवर जाहिरात लागली तरी रडायचा आणि वर म्हणायचा, "हे मी नाही रडत, इंजेक्शन रडतंय."

मी रोज जायचो. वहिनी दार उघडायच्या, चहा आणून ठेवायच्या आणि मशीनवर जाऊन बसायच्या. माझ्याशी त्या बोलत नव्हत्या. तोही फारसा बोलायचा नाही. खाटेशेजारच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसायची, तिच्यावरून जाणारे दोन पाइप आणि एक गंजलेला गज. तो ते बघत पडलेला असायचा.

एक दिवस मी धीर केला. "मी जोर करायला हवा होता. तुला उचलून बाईंकडे न्यायला हवं होतं."

मला वाटलं तो म्हणेल, जाऊ दे रे. नेहमी तसंच म्हणायचा. पण त्याने मान वळवून माझ्याकडे नीट बघितलं.

"हो," तो म्हणाला. "न्यायला हवं होतंस. मी वर होतो. मला खालचं तूच सांगायचास."

मग पुन्हा भिंतीकडे बघायला लागला. मी तासभर बसलो आणि निघालो.

इंजेक्शनांचा गुण ओसरला. आकडा चढायला लागला तेव्हा बाईंनी आणखी गोळ्या बदलून पाहिल्या. शेवटचे दोन महिने मॉर्फिनवर गेले. लेक मुलीला घेऊन आली होती, चार वर्षांची नात खाटेच्या कडेला बसून आजोबांच्या बोटांशी खेळायची. त्याला ती कधी ओळखू यायची, कधी नाही. गेला तेव्हा मी धक्क्यावर होतो. मुकादम वॉकीटॉकीवर बोलला नाही, चालत माझ्यापर्यंत आला, त्यावरूनच मला कळलं.

महिन्याभराने मी वहिनींकडे गेलो. बगळ्याचे कंपनीतले कागद, हेल्मेट, कपाटातला डबा आणि पाण्याची बाटली द्यायची होती. त्यांनी सगळं घेतलं, मशीनवर ठेवलं. मी उभाच होतो.

"वहिनी, एक सांगायचंय. औषधाचं न सांगितल्याचं तुम्हाला माहीत आहे. पण दुसऱ्या वर्षी आकडा वाढला तेव्हा मला आठवलं होतं. दुप्पट करायचं. मी त्याला म्हणालोही होतो. मग सोडून दिलं. तुम्हाला एक शब्द सांगितला असता तर तुम्ही त्याला ओढत नेलं असतं."

त्या कापडाची घडी घालत होत्या. निळं कापड, शाळेचं. घडी पूर्ण झाली, ती त्यांनी बाजूला ठेवली.

"हे मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "त्यांनीच सांगितलं शेवटी शेवटी. तुमच्यावर रागावू नको म्हणाले."

मला वाटलं, पुढे आणखी काही आहे.

"मी प्रयत्न करून बघितला, भावजी. नाही जमत. तुम्ही येत जाऊ नका आता."

मी चपला घातल्या. त्या दारापर्यंत आल्या नाहीत. जिना उतरेपर्यंत मला मशीनचा आवाज आला नाही, रस्त्यावर आलो तेव्हा ते सुरू झालं.